मुरुमाच्या वाटा आणि सायकल

(सातारा येथे शिक्षक, पंचायत सदस्य व अधिकारी यांच्यासमोर केलेले भाषण)



आज मी ज्या विषयावर बोलणार आहे तो प्रथमदर्शनी आपणांस किरकोळ वाटेल. रस्त्यांविषयी बोलायचे तर आपण महामार्ग, घाट आणि पूल यांविषयी बोलतो. मी मात्र ज्या रस्त्यांवर डांबर पडलेले नाही, मोटारींची ये-जा नाही, अशा मुरुमाच्या वाटांविषयी आणि त्यांवरून जाणाऱ्या सायकलीविषयी चार शब्द सांगणार आहे. या वाटा आपल्या सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांत पुष्कळ आहेत. त्यांचा विचार वेळेवर झाला नाही तर त्या आपल्या नकळत नाहीशा होतील, आणि मग आपणांस त्या परत मिळणार नाहीत.

सायकल आणि या भूमीचे नाते जुने आहे. लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिक्षक होते. ते मुंबईहून सायकली पाठवीत आणि त्यांचे बंधू रामुअण्णा त्या बेळगावात विकीत. १८८८ साली सुरू झालेल्या या सायकलीच्या दुकानातूनच पुढे किर्लोस्करांचा उद्योग उभा राहिला. १९१० साली औंध संस्थानच्या अधिपतींनी दिलेल्या जागेवर कुंडलजवळच्या माळरानात त्यांनी किर्लोस्करवाडी वसविली. हा भाग तेव्हा संस्थानी मुलखात होता. पुढे १९४९ साली दक्षिण सातारा जिल्हा झाला आणि १९६० साली त्यालाच सांगली हे नाव मिळाले. म्हणजे ज्या मुलखात आज आपण सायकलीचा विचार करीत आहोत, त्या मुलखाच्या औद्योगिक इतिहासाच्या मुळाशीच सायकल आहे.

माझ्या पिढीतील बहुतेकांनी सायकल शिकली ती तासाच्या भाड्याने आणून. पाय जमिनीला पुरत नसत, म्हणून आडव्या दांडीखालून पाय घालून अर्धे पायडल मारीत आम्ही शिकलो. गुडघे फुटले ते गावच्या मुरुमाच्या रस्त्यावरच. त्या रस्त्यावर तेव्हा बैलगाडीखेरीज आम्हाला धक्का देणारे काही नव्हते, म्हणून गुडघे फुटले तरी जिवावरचे संकट कधी आले नाही. आज माझ्याच गावातील मूल त्या रस्त्यावर सायकल शिकू शकत नाही. रस्ता चांगला झाला आहे, रुंद झाला आहे, आणि त्यामुळेच तो मुलांच्या कामाचा राहिलेला नाही. ही सुधारणेविरुद्धची तक्रार नव्हे. सुधारणा करताना जे हातचे जाते त्याची नोंद कोणीतरी ठेवली पाहिजे, एवढेच मला म्हणावयाचे आहे.

मुरुमाचा रस्ता म्हणजे काय?

आपल्या भागातील काळा पाषाण ऊन, पाऊस आणि वारा यांनी झिजून सुटतो; त्यातून मुरूम तयार होतो. दगडाचे सोलिंग, त्यावर खडी, त्यावर मुरूम, वर पाणी आणि रोलर, अशा क्रमाने आपल्याकडे रस्ते बांधले जात. या पद्धतीच्या मुळाशी एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी स्कॉटिश अभियंता मॅकॅडम याने रूढ केलेले तत्त्व आहे. ते असे की, फोडलेल्या खडीचे लहान तुकडे एकमेकांत घट्ट बसले आणि खालची जमीन कोरडी राहिली, तर रस्ता भार सहन करतो. रस्ता मधे उंच आणि दोन्ही कडांना उतरता असावा, कडेला चर असावा, आणि ओढ्याच्या जागी मोरी असावी, एवढे पाळले की मुरुमाचा रस्ता वर्षानुवर्षे टिकतो. त्याचा खरा शत्रू वाहन नव्हे, साचलेले पाणी होय.

हे आपल्या दोन जिल्ह्यांत अधिकच महत्त्वाचे आहे. महाबळेश्वरी वर्षाला साडेपाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो, आणि माण किंवा जत तालुक्यात तो पाचशे मिलिमीटरच्या आसपासच असतो. एका दिवसाच्या प्रवासात एवढा फरक दाखविणारे प्रदेश थोडेच असतील. पश्चिमेकडे रस्ता पाण्याने वाहून जातो, तर पूर्वेकडे तो धुळीने उडतो. म्हणून दोन्हीकडे देखभालीची रीत एकच ठेवून चालणार नाही.

या रस्त्यांमागे माणसांचे कष्टही आहेत. १९७२ च्या दुष्काळात माण, खटाव, आटपाडी, जत या तालुक्यांतील हजारो स्त्री-पुरुष उन्हात खडी फोडीत होते आणि रस्त्यावर माती टाकीत होते. कामावर मिळणारी सुकडी आणि आठवड्याचा पगार यांवर घरे तगली. त्या दुष्काळातील कामांतून रोजगार हमीचा विचार दृढ झाला. त्याचा पहिला प्रयोग वि. स. पागे यांच्या प्रेरणेने तासगाव तालुक्यात विसापूरच्या परिसरात १९६५ च्या सुमारास झाला होता. पुढे १९७७ साली कायदा संमत होऊन २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. आपल्या पूर्वेकडच्या गावांतील कित्येक रस्ते अशा हातांनी केलेले आहेत. त्यांवरून जाताना ते लक्षात ठेवणे हे आपले कर्तव्य आहे.

जगात काय चालले आहे?

मोटारींनी भरलेल्या डांबरी रस्त्यांवर सायकल चालविणे धोक्याचे झाल्यामुळे अनेक देशांत लोक पुन्हा खडीच्या, मातीच्या वाटांकडे वळले आहेत. याला ग्रॅव्हल सायकलिंग असे म्हणतात. या सायकलींचे टायर शर्यतीच्या सायकलींपेक्षा रुंद, सुमारे चाळीस मिलिमीटरचे किंवा त्याहूनही अधिक असतात आणि त्यांत हवा कमी भरतात, म्हणजे चाक खडीवर घसरत नाही आणि हातांना हादरे बसत नाहीत. आपल्या जुन्या दणकट सायकलीच्या जाड टायरमागेही थोडाफार हाच हेतू होता. म्हणून महागडी सायकल नसेल तर ही वाट आपली नव्हे, असे कोणी समजू नये.

एक उदाहरण मला आपल्यापुढे मुद्दाम ठेवावयाचे आहे. अमेरिकेत वॉशिंग्टनपासून पोटोमॅक नदीच्या काठाने कम्बरलँडपर्यंत एक जुना कालवा आहे. खेचरे होड्या ओढीत त्याच्या काठाने चालत. पुरामुळे १९२४ साली तो बंद पडला. पुढे त्या काठावरून मोटारींसाठी रस्ता करण्याची योजना पुढे आली. तेव्हा सर्वोच्च न्यायालयाचे एक न्यायमूर्ती विल्यम डग्लस यांनी १९५४ साली, योजनेचे समर्थन करणाऱ्या वृत्तपत्राच्या संपादकांना संपूर्ण मार्ग आपल्यासोबत चालून पाहण्याचे आव्हान दिले. १८४.५ मैलांची ती चाल होती. ती पुरी करणारे थोडेच होते, पण त्या चालीने लोकमत बदलले. १९७१ साली तो काठ राष्ट्रीय उद्यान म्हणून जाहीर झाला. आज त्या मातीच्या व खडीच्या वाटेवर माणसे पायी आणि सायकलीने जातात. त्याच देशातील मिझुरी राज्यात १९८६ साली बंद पडलेल्या रेल्वेमार्गावर १९९० पासून असाच खडीचा मार्ग खुला करण्यात आला.  जुन्या, पडून राहिलेल्या वाटेचा योग्य उपयोग करण्यात आला.

आपल्याजवळ काय आहे?

आता आपल्याकडे पाहू. साताऱ्याहून यवतेश्वरचा घाट चढून गेल्यावर कास पठार लागते. पठारावर जांभ्या खडकावर मातीचा थर इतका पातळ आहे की काही ठिकाणी तो बोटभरही नाही. तरी तेथे ८५० हून अधिक जातींच्या सपुष्प वनस्पतींची नोंद झालेली आहे. २०१२ साली युनेस्कोने पश्चिम घाटातील ज्या स्थळांना जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली त्यांत कास, कोयना आणि चांदोली यांचा समावेश आहे. कासहून महाबळेश्वरच्या दिशेने जाणारी जुनी वाट लोक राजमार्ग म्हणून ओळखतात. कुमुदिनी तलावाकडे जाणारे लोक याच वाटेने पायी जातात. त्या वाटेवरून चालताना लाल मातीवर पावलांचा आवाज येतो, वाऱ्याचा येतो, आणि दुसरा कसलाही येत नाही. ही शांतता हे आपले धन आहे.

फुलांच्या हंगामात पर्यटकांच्या गाड्या ठरलेल्या वाहनतळावर थांबविल्या जातात. दिवसाला किती लोकांना प्रवेश द्यावयाचा यावर मर्यादा आहे. तिची व्यवस्था भोवतालच्या गावांच्या संयुक्त वनव्यवस्थापन समित्या पाहतात. म्हणजे मोटार थांबविणे आणि गावाचे उत्पन्न टिकविणे या दोन गोष्टी एकत्र नांदू शकतात, हे आपल्याच जिल्ह्यातील गावांनी दाखविलेले आहे.

दुसरा प्रदेश म्हणजे चाळकेवाडी आणि वनकुसवडे यांचे पठार. तेथे पवनचक्क्या उभ्या करण्यासाठी मुरुमाचे रुंद रस्ते काढावे लागले. काम संपल्यावर त्यांवर देखभालीच्या गाड्यांखेरीज फारशी वर्दळ नसते. शिराळा तालुक्यात गुढे पाचगणीच्या पठारावरही असेच दृश्य दिसते. तिसरा म्हणजे कालव्यांचा काठ. कराडजवळ खोडशीच्या बंधाऱ्यापासून निघून सांगली जिल्ह्यात जाणारा कृष्णा कालवा एकोणिसाव्या शतकातला आहे. धोम, कण्हेर यांचे कालवे नंतरचे. कालव्याच्या पाहणीसाठी काठाने मुरुमाची वाट ठेवलेली असते. ती जवळजवळ सपाट असते आणि गावागावांना स्पर्श करीत जाते. चौथा म्हणजे सागरेश्वर. हे वन निसर्गाने दिलेले नसून माणसांनी उभे केले आहे. धों. म. मोहिते यांच्या ध्यासातून उजाड डोंगरांवर झाडे लागली आणि १९८५ साली सुमारे १०.८७ चौरस किलोमीटरचे ते क्षेत्र अभयारण्य म्हणून जाहीर झाले. पायथ्याशी यशवंतराव चव्हाणांचे जन्मगाव देवराष्ट्रे आहे. आणि पाचवी वाट आपल्या प्रत्येक गावात आहे, ती म्हणजे पाणंद.

येथे एक मर्यादा स्पष्ट सांगितली पाहिजे. कोयना अभयारण्य आणि चांदोली राष्ट्रीय उद्यान मिळून २०१० साली सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला. तेथील वाटा वन्य प्राण्यांच्या आहेत. परवानगीशिवाय, वाटाड्याशिवाय किंवा सांजवेळी तेथे कोणीही जाऊ नये. गवा आणि अस्वल यांना सायकलीची घंटा समजत नाही. तसेच पठारावर वाट सोडून एकही चाक फिरता कामा नये. एका चाकाने चिरडलेली माती पुन्हा धरायला कित्येक पावसाळे लागतात. सायकल धूर सोडत नाही म्हणून ती निरुपद्रवी आहे, हा समज अपुरा आहे. तिचा निरुपद्रवीपणा तिच्या वाटेपुरताच असतो.

एक रास्त आक्षेप

मी हे बोलू लागलो की पाटण किंवा जावळीतला एखादा सदस्य उठून विचारतो, “गुरुजी, तुम्हा शहरच्या लोकांना मातीचा रस्ता गोड लागतो. आमच्या गरोदर बाईला झोळीत घालून नेताना तो गोड लागत नाही.” हा प्रश्न अगदी रास्त आहे. कोयनेच्या जलाशयापलीकडच्या वाड्यांनी धरणासाठी आपली शेते दिली, आणि रुग्णाला झोळीतून लाँचपर्यंत नेण्याचे दिवसही पाहिले. त्यांनी आणखी काही वर्षे चिखल तुडवावा, म्हणजे पाहुण्यांना निसर्ग पाहता येईल, असे म्हणणारा मनुष्य मी नव्हे.

म्हणून मी एक साधी कसोटी सुचवितो. जो रस्ता वस्तीला जातो, ज्यावरून रुग्ण, दूध, शाळेची गाडी आणि एसटी जाते, तो रस्ता पक्का झालाच पाहिजे. त्यात वाद नको. परंतु ज्या वाटेला शेवटी वस्ती नाही, किंवा वस्तीला दुसरा पक्का रस्ता आहे, अशा वाटेवर डांबर घालण्यापूर्वी आपण थांबून विचार करावा. कालव्याचा काठ, पवनचक्क्यांचे रस्ते, जुना राजमार्ग, डोंगरातली वनखात्याची वाट आणि शेताची पाणंद या वाटा दुसऱ्या प्रकारच्या आहेत. त्या मुरुमाच्याच राहाव्यात, पण चांगल्या मुरुमाच्या राहाव्यात.

मातीचा रस्ता राखणे सोपे आहे असेही मी म्हणत नाही. रायगड जिल्ह्यात माथेरानला मोटारी दस्तुरी नाक्यावर थांबतात आणि पुढे लाल मातीचे रस्ते आहेत. पावसाने ती माती धुपून जाते. त्यावर फरशीचे ठोकळे बसवावेत की नाही, हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. यातून धडा असा की, वाट राखायची असेल तर तिचे पाणी राखले पाहिजे. चर साफ नसेल तर कितीही निसर्गप्रेम असले तरी रस्ता वाहून जाणारच.

यात पणाला काय लागले आहे?

मित्रहो, हा केवळ हौसेचा प्रश्न असता तर मी आपला वेळ घेतला नसता. माझ्या डोळ्यांपुढे मुख्यतः शाळेत जाणारी मुलगी आहे. शासनाने मानव विकास कार्यक्रमाखाली काही तालुक्यांत आठवी ते बारावीच्या मुलींना सायकली दिल्या, ही मोठी गोष्ट आहे. पण सायकल दिली आणि वाट दिली नाही, तर काम अर्धेच राहते. उसाच्या हंगामात आपल्या रस्त्यांवरून मागचा दिवा नसलेल्या ट्रॉल्या एकीला एक जोडून जातात. मी ज्या शाळेत शिकवीत होतो तेथील एक हुशार मुलगी अशाच एका संध्याकाळी ट्रॉलीच्या धक्क्याने शेतात फेकली गेली. ती वाचली, पण घरच्यांनी तिला पुन्हा सायकलवर बसू दिले नाही, आणि नववीनंतर तिची शाळा सुटली. तिच्या गावापासून शाळेपर्यंत कालव्याच्या काठाने मुरुमाची वाट होती. तिच्यावर बाभळी वाढल्या होत्या आणि दोन ठिकाणी मोरी खचली होती. ती वाट साफ करण्याचे त्या वेळी आमच्यापैकी कोणालाही सुचले नाही. मलाही सुचले नाही.

काय करता येईल?

प्रथम शिक्षकांस विनंती. इयत्ता सातवी-आठवीच्या मुलांकडून आपल्या गावच्या वाटांचा नकाशा काढून घ्या. कोणती वाट कोठे जाते, कोठे बुजली आहे, कोठे मोरी नाही, कोठे पाणी खोल आहे, हे मुलांना आपल्यापेक्षा जास्त ठाऊक असते. भूगोलाचा धडा होईल आणि पंचायतीला माहिती मिळेल. सायकलीचे पंक्चर काढणे, साखळीला तेल देणे, ब्रेक तपासणे हेही शाळेत शिकवावे.

पंचायत सदस्यांनी पाणंदींपासून आरंभ करावा. कित्येक पाणंदी कागदावर रुंद आणि जमिनीवर निरुंद आहेत. वहिवाटीच्या रस्त्यात अडथळा आणला असेल तर मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ च्या कलम ५ खाली, आणि शेताच्या बांधावरून नवा रस्ता हवा असेल तर महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १४३ खाली तहसीलदारांकडे दाद मागता येते. पण कायद्यापूर्वी ग्रामसभेत समजुतीने जे होते ते अधिक टिकते. पाणंदीसाठी शासनाने २०२१ साली मातोश्री ग्रामसमृद्धी शेत-पाणंद रस्ते योजना आखली होती, आणि तिच्यामुळे पाणंदीचा विषय गावोगाव चर्चेत आला, हे आपण पाहिलेच आहे.

कालव्याकाठी जपून पाऊल टाकावे लागेल. ती वाट जलसंपदा विभागाची आहे; त्यांच्या परवानगीने आणि त्यांच्या गाड्यांना अडथळा न होता काम व्हावे. जेथे पाणी खोल आहे तेथे कठडा हवा, वळणावर फलक हवा. मोटारसायकलींची घुसखोरी हा खरा प्रश्न आहे, हे मी जाणतो. दगडी खांब रोवून चारचाकी थांबते, दुचाकी थांबत नाही. ती गावाच्या शिस्तीनेच थांबेल.

अधिकारी मित्रांना एवढेच सांगेन की, ‘नवीन महाबळेश्वर’ या नावाने कोयना खोऱ्याच्या परिसरातील दोनशेहून अधिक गावांसाठी विकासाचा आराखडा आखला जात आहे. आराखड्यात रस्त्यांच्या रेषा पडण्याआधीच कोणत्या वाटा मोटारीविना ठेवावयाच्या त्यांची यादी व्हावी. एकदा रेषा पडली, जमिनीचे भाव चढले, की मग कोणाचेच ऐकले जात नाही. महाबळेश्वर-पाचगणीचा परिसर २००१ साली पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून जाहीर झाला तो बराच भाग बांधून झाल्यावर. त्या अनुभवातून आपण शिकावे.

या वाटांनी गावाला चार पैसेही मिळतील. सायकलीने येणारा पाहुणा घाईत नसतो. तासाला दहा-बारा किलोमीटर जाणारा माणूस दुपारी कोठेतरी जेवतो, रात्री कोठेतरी राहतो. त्याला नाचणीची भाकरी, पिठले आणि ठेचा हे पंचतारांकित जेवण वाटते. २०२० च्या कृषी पर्यटन धोरणाखाली शेतकऱ्याला घरी अशी सोय करता येते. मोटारीतला पाहुणा मात्र साताऱ्याहून निघतो, पठारावर फोटो काढतो आणि कचरा ठेवून परत साताऱ्यालाच जातो. दोघांत गावाच्या दृष्टीने कोणता बरा, हे मी सांगण्याची गरज नाही.

समारोप करताना फक्त एक मागणे आहे. आपण येथून गावी गेल्यावर येत्या रविवारी आपल्या हद्दीतील एक वाट स्वतः पायी किंवा सायकलीने पार करा. तिच्यावर कोठे पाणी साचते, कोठे काटेरी झुडपे आली आहेत, कोठे बांध सरकला आहे, हे वहीत लिहा आणि पुढील ग्रामसभेत ती वही वाचून दाखवा. पावसाळ्यापूर्वी चर साफ झाला तर तेवढ्यानेही पुष्कळ काम होईल. ज्या मुलीची शाळा सुटली तिच्यासाठी आता काही करता येणार नाही. पण जी मुलगी या जूनमध्ये नववीत जाईल तिच्यासाठी अजून वेळ आहे.